चौथ्या नळीची टिकटिक

आमच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी लोखंडाची एक वस्तू उभी आहे. एका जाड पट्टीतून चार नळ्या निघतात, वळसे घेत खाली येतात, चाराच्या दोन होतात आणि दोनाची एक. गंजू नये म्हणून वर्षातून एकदा मी तिच्यावरून तेलाचा बोळा फिरवतो. पाहुण्यांना ते शिल्प वाटतं. एकांनी तर कुठल्या प्रदर्शनातून आणलंत, असंही विचारलं होतं. मुलगी लहान असताना त्याला 'चार सोंडांचा हत्ती' म्हणायची. बायको 'अडगळ' म्हणते, पण घर बदलताना दोन्ही वेळा तिनेच ते जुन्या चादरीत गुंडाळून टेम्पोत चढवलं.

ते मारुती झेनचं हेडर आहे. गाडी जाऊन बरीच वर्षं झाली. हेडर त्या गाडीवर सगळे मिळून साधारण तीन महिने होतं. त्यातला एक दिवस सोडला, तर बाकीच्या दिवसांबद्दल मी सहसा बोलत नाही.

*

२००३ साल. मी पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होतो. बाबांनी पिंपरीच्या एका कंपनीतून दोन वर्षांपूर्वी व्हीआरएस घेतली होती. एकोणतीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजून त्या पास की नापास हे सांगण्यात गेलेली. आलेल्या पैशातला काही बँकेत गेला, काही ताईच्या लग्नात, आणि उरलेल्यातून घरात आयुष्यातली पहिली चारचाकी आली. १९९७ सालची, सेकंडहँड, पांढरी झेन.

ज्यांनी कार्बोरेटरची झेन चालवली आहे, त्यांना फार सांगायला नको. ९९३ सीसीचं छोटं इंजिन, चार सिलिंडर, कागदावर ५० बीएचपी. आजच्या हिशेबात हे आकडे हसण्यासारखे आहेत. पण त्या इंजिनाचा बोअर ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक फक्त ६१ मिलिमीटर. पिस्टनला अंतर कमी कापायचं असल्यामुळे ते आनंदाने फिरायचं. गाडीही हलकी. गिअर थोडा ताणला की त्या इंजिनाच्या आवाजात एक हौस ऐकू यायची. मारुती ८०० बिचारी सांगितल्या कामाची होती. झेन आपणहून चार गोष्टी बोलायची.

बाबा मात्र तिला बोलू द्यायचे नाहीत. चाळीसला चौथा, पन्नासला पाचवा. पेट्रोल भरलं की छोट्या डायरीत लिटर आणि किलोमीटर. रविवारी सकाळी बॉनेट उघडून पाच मिनिटं नुसतं ऐकणं. एक लांब स्क्रूड्रायव्हर होता. त्याचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाच्या हाडाला लावून ते आत काय चाललंय ते ऐकत. कंपनीत बेअरिंग असंच ऐकायचे म्हणे. मला तेव्हा ते अगदी म्हातारपणाचं लक्षण वाटायचं. ते तेव्हा चौपन्न वर्षांचे होते. मी आता त्या वयाच्या फार लांब नाही.

माझ्या डोक्यात वेगळं चाललं होतं. जुन्या बाजारात इंग्रजी मोटार मासिकांचे मागचे अंक दहा-दहा रुपयांना मिळत. त्यात रॅलीत पळणाऱ्या झेन आणि एस्टीम असत, कोइम्बतूर-चेन्नईकडच्या ट्यूनर मंडळींची कामं असत. कार्बोरेटर मोठा करा, कॅमशाफ्ट बदला, हेड घासून घ्या. यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारं काम एकच होतं: हेडर.

*

हेडर म्हणजे काय, ते इथे थोडं सांगावं लागेल.

इंजिनात जळून झालेला वायू चार सिलिंडरच्या चार तोंडांतून बाहेर पडतो. कंपनी तिथे मॅनिफोल्ड नावाचा एक भाग बसवते. आमच्या गाडीत तो बिडाचा होता, घरातल्या बिडाच्या तव्यासारखाच काळा, खडबडीत आणि जड. चारही तोंडं त्यात लगेच, दोन-चार बोटांवर एकत्र येतात आणि पुढे एकच पाइप सायलेन्सरकडे जातो. चाळीतल्या चार बिऱ्हाडांना एकच अरुंद जिना असावा तसं. एकाने दार उघडून धावत बाहेर पडावं तर दुसरा अजून जिन्यातच असतो.

हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःची लांब नळी मिळते आणि त्या पुढे जाऊन मिळतात. एवढंच असतं तर 'मोकळा श्वास' म्हणून विषय संपला असता, आणि गॅरेजमध्ये तो तिथेच संपवतात. खरी गंमत पुढे आहे. एक्झॉस्टचा वायू नळाच्या पाण्यासारखा सलग वाहत नाही, तो ठोक्याठोक्याने येतो. व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट नळीतून धावते. नळी जिथे दुसऱ्या नळीला मिळून रुंद होते, तिथून एक उलटी लाट परत फिरते, कमी दाबाची. ती जर नेमकी व्हॉल्व्ह मिटायच्या सुमारास सिलिंडरपाशी पोचली, तर आत उरलेला जळका वायू ओढून बाहेर काढते आणि नव्या मिश्रणाला आत यायला मदत करते. कुठलाही फिरणारा भाग नसताना नळीच पंपाचं काम करते.

चार सिलिंडर पेटण्याचा क्रम असतो १-३-४-२. म्हणून चाराच्या दोन करताना शेजारचे १ आणि २ जोडत नाहीत. १ आणि ४ जोडतात, २ आणि ३ जोडतात. अशा जोडीतल्या दोघांच्या ठोक्यांमध्ये इंजिनाचा एक पूर्ण फेरा जातो, त्यामुळे ते एकमेकांच्या पायात येत नाहीत. मग दोनाची एक. याला फोर-टू-वन म्हणतात. नळ्यांचे ते सुंदर वळसे सौंदर्यासाठी नसतात. लांबचा १ आणि लांबचा ४ यांना एकत्र आणायचं, आणि तरी सगळ्या नळ्या साधारण सारख्या लांबीच्या ठेवायच्या, यातून ते येतात.

पण यात एक अट लपलेली आहे. साध्या हवेत आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो. तापलेल्या एक्झॉस्टमध्ये ही लाट पाचशे-सहाशेने धावते. नळीची लांबी ठरली की लाटेला जाऊन यायला लागणारा वेळही जवळजवळ ठरला. इंजिनाचा वेळ मात्र बदलत असतो. ६००० आरपीएमला एक फेरा १० मिलिसेकंदांत होतो, २००० ला त्यालाच ३० लागतात. म्हणजे लाट बरोबर वेळेवर पोचते ती ठराविक वेगाच्या आसपासच. बाकीच्या वेळी ती लवकर येते किंवा उशिरा, आणि कधीकधी मदत करायच्या ऐवजी आडवी येते. हेडर हे एक घड्याळ आहे, आणि ते कुणाच्या दिनक्रमाला लावायचं ते बनवणाऱ्याने आधी ठरवायचं असतं.

हे सगळं मला तेव्हाही पाठ होतं. थर्मलच्या सरांनी विचारलं असतं तर फळ्यावर काढून दाखवलं असतं.

*

तयार हेडर परवडणारं नव्हतं. भोसरीत एका शेडमध्ये सायलेन्सर बनवणारे एक कारागीर होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. नाना पेठेतून मॅनिफोल्डचं नवं गॅस्केट विकत घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ते गॅस्केट दहा मिलिमीटरच्या पत्र्यावर ठेवलं, खडूने गिरवलं आणि गॅसने कापलं. ती झाली फ्लँज, म्हणजे इंजिनाला टेकणारी जाड पट्टी. नळीला बाक देताना ती चेपू नये म्हणून आत कोरडी वाळू ठासून दोन्ही तोंडं बंद करायची, मग तापवून वाकवायची. वळसा जुळला नाही की तिथे पाचर कापून पुन्हा जोड. मी मित्राच्या गाडीवरून तीन खेपा घातल्या. साडेचार हजार रुपये ठरले होते. नववीच्या दोन मुलांना गणित शिकवून ते साठवले होते.

तिसऱ्या खेपेला हेडर तयार होतं. आर्गन वेल्डिंगचे टाके असे, की जणू एकावर एक नाणी कलती करून मांडावीत. मी हात फिरवत राहिलो. उस्ताद म्हणाले, "एक काम कर. हे लावायच्या आधी फेस मारून घे. वेल्डिंगच्या उष्णतेने पट्टी ओढली जाते. डोळ्याला दिसत नाही, पण ओढली जाते. समोर मिलिंगवाला आहे, तीनशे घेईल."

समोरचं शटर बंद होतं. गुरुवार होता; भोसरीत त्या दिवशी कारखान्यांना सुट्टी. बाबा वाटणीच्या कामासाठी गावाला गेले होते आणि शुक्रवारी रात्री परत येणार होते. शुक्रवारी सकाळी मिलिंग करायला थांबलो असतो तर गाडी खोलायला वेळ उरला नसता. मी फ्लँज डोळ्यांसमोर धरून एक डोळा मिटून पाहिली. सरळ दिसली.

*

सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन बॅटऱ्या आणि एका मित्राच्या जोरावर आम्ही कामाला लागलो. बॅटरीची निगेटिव्ह काढली, उष्णता अडवणारा पत्रा काढला. स्टडवरच्या नटांवर संध्याकाळीच रॉकेल सोडून ठेवलं होतं. सहा वर्षं तापून-निवून नट स्टडशी एकजीव झालेले असतात. एकेक नट करकरत सुटत गेला. शेवटचा, चौथ्या सिलिंडरच्या टोकाचा, हलेना. मी पान्यावर पाइप चढवून जोर लावला. एक क्षण वाटलं सुटला. हाताला तो हलकेपणा जाणवला की पोटात खड्डा पडतो, हे ज्याने कधी स्टड तोडला आहे त्याला माहीत असतं. स्टड हेडच्या सपाटीला तुटला होता. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, आत अडकलेला पोलादी तुकडा काढायचा तर बरोबर मधोमध भोक पाडायला हवं, थोडं चुकलं तर हेडच गेलं. मित्र म्हणाला, "बाकीचे आहेत ना? बसतंय." आणि गॅस्केटला दोन्हीकडून लाल सिलिकॉन फासलं.

रात्री दीड वाजता गाडी सुरू केली. नव्या लोखंडावरचं तेल जळून धूर आला आणि मग तो आवाज आला.

आवाजाबद्दल खोटं बोलण्यात अर्थ नाही. तो सुंदर होता. मी कात्रजच्या घाटात गेलो. अडीच हजाराच्या खाली गाडी पहिल्यापेक्षा मंद झाली होती, चढावर एक गिअर खाली मागत होती, पण त्याकडे लक्ष द्यायला मला वेळ नव्हता. साडेचार हजारांनंतर इंजिन जणू मान वर करायचं. खालचा घोगरा सूर जाऊन एक ताणलेला, सलग सूर लागायचा आणि काटा सहा हजाराकडे धावायचा. पन्नासचे फार तर तीन-चार बीएचपी वाढले असतील. माझ्या छातीत त्याचे पन्नास झाले होते. एकवीस वर्षांच्या, घरात मोठ्याने न बोलणाऱ्या मुलाला आपल्या वतीने कुणीतरी मोठ्याने बोलतंय असं वाटणं, ही साधी गोष्ट नाही.

गाडी गार असताना सुरू केली की चौथ्या सिलिंडरकडून टिक-टिक-टिक असा बारीक आवाज यायचा. दोन मिनिटांत, लोखंड तापून फुगलं की जायचा. मी तो जमेत धरला नाही.

*

बाबांना हेडरबद्दल सांगायची गरज पडली नाही. शनिवारी सकाळी त्यांनी किल्ली फिरवली आणि हात तसाच ठेवून ऐकत बसले. मी गॅलरीत उभा होतो. वाटलं आता ओरडतील. त्यांनी बॉनेट उघडलं, बंद केलं, वर आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "चौथ्यापाशी लीक आहे. ते नीट होईपर्यंत काचा उघड्या ठेवून चालवायची."

बस. पैसे कुठून आणले, विचारलं का नाहीस, काही नाही. मला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. मी एवढं केलं आणि यांना ऐकू काय आलं, तर टिकटिक.

मी नट पुन्हा आवळले. टिकटिक थोडी कमी झाली. मग परीक्षा आली, दिवाळी आली.

डिसेंबरात साताऱ्याहून मावशीला पुण्याला आणायचं होतं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. मी आणि आई जाणार होतो. परतताना मावशीला मागे पाय पसरता यावेत म्हणून बाबा घरी थांबले. निघताना त्यांनी विचारलं, "ते लीकचं केलंस?"

मी "हो" म्हणालो. पाना मारला होता, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. एकोणतीस वर्षं कुणाच्याही शब्दावर न जाता मोजून पाहणाऱ्या माणसाने त्या दिवशी मोजलं नाही.

*

जाताना ऊन होतं, काचा उघड्या होत्या. येताना रात्रीचे आठ वाजले आणि थंडी पडली. खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडे गाड्या थांबल्या होत्या. पुढे एक ट्रक उलटला होता. हायवेच्या चौपदरीकरणाचं काम तेव्हा जागोजागी चालू होतं, बाजूने काढायला वाट नव्हती. आमच्या पुढे-मागे ट्रक, सगळ्यांची इंजिनं चालू. डिझेलचा धूर आत येतो म्हणून आईने काच पूर्ण वर केली. मीही केली. काचेवर वाफ धरली म्हणून ब्लोअर लावला. बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालूच ठेवलं.

आता तो क्षण समोर आणला की एकेक गोष्ट जागेवर बसते. गाडी उभी, त्यामुळे बॉनेटखालची हवा वाहून नेणारा वारा नाही. ब्लोअर हवा ओढतो पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून, म्हणजे बॉनेटच्या मागच्या कडेपासून. कार्बोरेटरचं इंजिन उभ्या गाडीत पेट्रोल जरा जास्तच पितं, आणि अर्धवट जळलेल्या पेट्रोलातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेहून जास्त पटींनी घट्ट धरतं. त्या काळी पेट्रोलच्या चारचाकीला पीयूसीत त्याची मर्यादा ३ टक्के होती. आपण श्वास घेतो त्या हवेत त्याच्या दहावा हिस्सा जरी मिसळला, तरी अर्ध्या तासात माणूस मरू शकतो. डिझेलच्या ज्या धुरासाठी आम्ही काचा लावल्या, त्याचा वास तरी येत होता.

तासाभराने आई म्हणाली, डोकं फार दुखतंय. माझंही दुखत होतं. उपवास, जागरण, घाट, कारणं भरपूर होती. मावशी मागे झोपली होती. गाड्या हलल्या, बोगदा ओलांडला, आणि उताराला आईने एकदम थांबव म्हटलं. दार उघडून तिला उलटी झाली. मी पाणी द्यायला उतरलो तर माझेच पाय लटपटले. मागचं दार उघडून मावशीला हाक मारली. ती उठेना. हलवलं तेव्हा तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, पण मला ओळखल्यासारखं पाहिलं नाही.

शिरवळपर्यंतचं अंतर मी कसं कापलं ते मला धड आठवत नाही. थंड वारा लागावा म्हणून आईने काचा खाली घेतल्या होत्या; आम्ही वाचलो ते बहुधा त्या काचांमुळे. तिथल्या एका छोट्या दवाखान्यात डॉक्टर झोपेतून उठून आले. त्यांनी तिघांकडे पाहिलं, तिघांचंही डोकं दुखतंय हे ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "गाडीचा सायलेन्सर फुटलाय का?"

त्यांनी मावशीला सिलिंडरवरून प्राणवायू लावला, मग आईला. मी समोरच्या पीसीओवरून घरी फोन केला. काय झालं ते सांगितलं. बाबांनी विचारलं, "काचा?"

"बंद होत्या."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग, "गाडीला हात लावू नकोस. मी येतो."

स्वारगेटहून कोल्हापूरची एसटी पकडून ते अडीच वाजता उतरले. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, हातात थर्मास. तोवर मावशी शुद्धीवर येऊन, माझ्या पिशवीतला चष्मा कुठे गेला, म्हणून विचारत होती. ते तिच्यापाशी बसले, आईच्या कपाळाला हात लावला, मग बाहेर येऊन माझ्याशेजारी बाकावर बसले. मला वाटलं आता. मला तेव्हा ते हवंच होतं.

ते म्हणाले, "मी बघायला हवं होतं."

सकाळी आई आणि मावशी एसटीने गेल्या. आम्ही गाडी घेऊन निघालो, चारही काचा खाली, ब्लोअर बंद. डिसेंबरची पहाट अंगावर येत होती. बाबा चालवत होते. कानटोपी त्यांनी एका कानावरून वर सरकवली होती, इंजिनाच्या बाजूच्या. पुण्यापर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही.

*

पुढचे दोन दिवस आम्ही दोघांनी मिळून काम केलं. जुना मॅनिफोल्ड माळ्यावर होता. मी तो तिथे टाकून दिला होता, पण वर चढलो तेव्हा तो तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला निघाला. तुटलेल्या स्टडवर बाबांनी कानस लावून पृष्ठभाग सपाट केला, मधोमध पंच मारला, आधी बारीक ड्रिल, मग मोठा, आणि उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालून तो तुकडा असा बाहेर काढला, की मी श्वास सोडायला विसरलो. मला त्याच कामाची भीती वाटली होती. त्यांनी ते केलं, कारण त्यांनी तीन तास घेतले.

मग त्यांनी माझं हेडर मागितलं. फ्लँजवर पोलादी पट्टी उभी धरली आणि फीलर गेजची पाती एकेक करून खालून घालायला लागले. ०.१ गेली. ०.२ गेली. चौथ्या भोकापाशी ०.४ ची पाती सहज आत सरकली. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तू घाल."

मी घातली. मिलिमीटरचा दहावा हिस्सा, त्याचे चार. तीनशे रुपये आणि एक गुरुवार.

"वेल्डिंग चांगलं आहे," हेडर उलटसुलट करत ते म्हणाले. "हे असं वाकडंतिकडं का केलंय?" मी आधी नुसतंच बघत राहिलो. मग सांगायला लागलो. १-३-४-२, एकाची चाराशी जोडी, लाट, परत येणारी लाट. वर्तमानपत्राच्या समासात आकृती काढली. ते खरोखर ऐकत होते, मध्येच प्रश्न विचारत होते. अशी कितव्यांदा आम्ही दोघं एका विषयावर अर्धा तास बोललो होतो, ते मला मोजता आलं नसतं. कारण बहुधा पहिल्यांदाच.

मे महिन्यात एक दिवस ते भोसरीहून आले तेव्हा पिशवीत ते हेडर होतं. फ्लँज आरशासारखी चमकत होती. "फेस मारून आणला," ते म्हणाले. "नवे स्टड, नवं गॅस्केट. रविवारी लावू. एकदा बघू तरी काय म्हणतंय ते."

आईने जेवताना फक्त एवढंच विचारलं, "मी बसायचं नाहीये ना त्यात?"

लावताना नट मधून बाहेरच्या दिशेने, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत आवळले. गार इंजिन सुरू करून जोडावरून साबणाचं पाणी फिरवलं. एकही बुडबुडा नाही. टिकटिक नाही. पहाटे कात्रजला गेलो, काचा अर्थातच खाली. वर पोचल्यावर बाबा म्हणाले, आता मला दे. त्यांनी दुसऱ्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि सोडला नाही. काटा पाच हजार, साडेपाच हजार. तो सूर लागला. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते रस्त्याकडेच बघत होते, पण गालाची शीर हलली होती.

खाली येऊन त्यांनी गाडी कडेला घेतली. "बरं आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पण आपण रोज साडेपाच हजारावर कुठे असतो?"

हा टोमणा नव्हता. मापाचा प्रश्न होता. कामावर जाणं, भाजी, दवाखाना, मावशीला आणणं, हे सगळं दीड ते तीन हजारात होत होतं, आणि तिथे बिडाचा तो ओबडधोबड गोळा जास्त चांगला होता. तो खालच्या वेगाला बरा खेचत होता, आवाज पोटात ठेवत होता, उष्णतेने वाकत नव्हता, आणि एखादा नट सैल झाला तरी एवढ्यात दगा देत नव्हता. ज्याला मी कंपनीने केलेली काटकसर समजत होतो, ते आमच्यासारख्याच घरासाठी लावलेलं घड्याळ होतं.

त्याच संध्याकाळी हेडर आम्ही काढलं. मीच म्हणालो काढू.

*

आता हे सगळं फार जुनं झालं. कायदा तेव्हाही होता. आता लोक तो ओळखतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, सायलेन्सरच्या आवाजाचे नियम, पोलिसांनी बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवल्याची चित्रं, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत तर मॅनिफोल्डला लागूनच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तिथे हेडर लावायचं म्हणजे बहुतेक वेळा विष मारणारा भागच काढून टाकायचा. मला कुणी विचारलं तर मी नको म्हणतो. पण विचारणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत जे दिसतं, त्याला मी मूर्खपणा म्हणू शकत नाही.

झेन विकली तेव्हा बिडाचा मॅनिफोल्ड तिच्याबरोबर गेला. बाबांना आता उजव्या कानाने कमी ऐकू येतं. आई अजूनही कुठल्याही गाडीत बसली की आपल्या बाजूची काच दोन बोटं खाली ठेवते. एसी चालू असला तरी. ड्रायव्हरने कुरकुर केली तर म्हणते, मला असंच लागतं.

गेल्या महिन्यात हेडरला तेल लावताना बाबा समोर बसले होते. फ्लँजवर मिलिंगच्या बारीक रेषा अजून दिसतात. त्यांनी ते हातात घेतलं, चौथ्या भोकाशी अंगठा फिरवला आणि कपाटातलं फीलर गेज आणायला सांगितलं.

०.०५ चीसुद्धा पाती आत गेली नाही. ते बघून मगच त्यांनी ते परत जागेवर ठेवू दिलं.